गच्ची, बाहेरचं प्लास्टर, पार्किंगचे कॉलम: १८ लाख ५६ हजारांची वाटणी २४ फ्लॅटवर कशी करायची?

मनीषनगर_२४फ्लॅट

नमस्कार मंडळी. दुरुस्तीच्या वर्गणीवरून बिल्डिंगमध्ये सरळ दोन तट पडले आहेत आणि मीटिंग महिन्याभरावर आली आहे. पुन्हा पुन्हा विचारावं लागू नये म्हणून माहिती एकदमच देते.

नागपूर, मनीषनगर. स्टिल्ट अधिक चार मजले, मजल्यावर सहा फ्लॅट. १६ फ्लॅट दोन बेडरूमचे (कारपेट ८५० चौफूट), ८ तीन बेडरूमचे (१,२०० चौफूट). ताबा २००२ चा. गच्ची साधारण ६,४०० चौफूट. वर जुना विटांचा कोबा आणि त्यावर चायना मोझॅक. पावसाचं पाणी उतरायला चार इंची सहा पाईप.

कमिटीने एकाच ठेकेदाराचं कोटेशन आणलंय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ६,९०,०००. बाहेरच्या भेगा, प्लास्टर, रंग ८,१०,०००. पार्किंगमधले कॉलम-बीम ३,५६,०००. एकूण १८,५६,०००. तिन्ही आकड्यांपुढे फक्त "लमसम" (मोजमाप न देता एकगठ्ठा रक्कम), आणि खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". भागिले २४ करून प्रत्येकाला ७७,३३३ रुपयांची नोटीस आली. ९० दिवसांत भरले नाहीत तर वार्षिक २१ टक्के व्याज, उपनिबंधकाकडून वसुलीचा दाखला आणि पाणी बंद, असं त्यात लिहिलंय.

दोन बेडरूमवाले म्हणून राहिले की क्षेत्रफळाने वाटा. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, गच्ची आमच्या डोक्यावर नाही, आम्ही का भरायचं? ४०३ च्या हॉलच्या सिलिंगचं प्लास्टर पडतंय, सळया दिसू लागल्या आहेत. तो खर्च त्यांचा की सगळ्यांचा? आणि ३०३ च्या पॅसेजच्या सिलिंगला बाराही महिने ओल आहे. ४०३ वाले म्हणतात गच्चीचं पाणी, कमिटी म्हणते ४०३ चं बाथरूम.

दस्त_आणि_दाखले

ताई, समान की क्षेत्रफळाने, हे सांगण्याआधी तुमची नोंदणी कशाखाली आहे ते कळलं पाहिजे. नागपुरात बोलताना सगळ्यांनाच "सोसायटी" म्हणतात, पण इथल्या कितीतरी बिल्डिंगा सहकारी संस्था नाहीतच. त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची अपार्टमेंटं आहेत. दोन्हीकडे खर्चाची वाटणी वेगळी, वसुली वेगळी, तक्रारीची जागाही वेगळी.

ओळखायचं असं. उपनिबंधक, सहकारी संस्था यांनी दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र आणि नोंदणी क्रमांक असेल, प्रत्येकाकडे शेअर सर्टिफिकेट असेल, तर सहकारी संस्था. खरेदीच्या कागदात "डीड ऑफ अपार्टमेंट" असा शब्द असेल, "डीड ऑफ डिक्लरेशन"चा (बिल्डिंगच्या सामाईक जागा आणि हिस्से नोंदवणाऱ्या दस्ताचा) क्रमांक व तारीख असेल आणि "अविभक्त हिस्सा इतके टक्के" (म्हणजे सामाईक जागेतला तुमचा वाटा) असं लिहिलं असेल, तर अपार्टमेंट. कागद जवळ नसेल तर इंडेक्स-२ वर (नोंदणीच्या गोषवाऱ्यावर) दस्ताचा प्रकार दिसतो. डिक्लरेशनची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) शुल्क भरून कुठलाही फ्लॅटमालक काढू शकतो. कमिटीने द्यायची वाट पाहू नका.

मनीषनगर_२४फ्लॅट

कागद काढले. शेअर सर्टिफिकेट कोणाकडेच नाही. डीड ऑफ अपार्टमेंट आहे आणि त्यात अविभक्त हिस्सा दिलाय: दोन बेडरूमला ३.६६ टक्के, तीन बेडरूमला ५.१८ टक्के. बिल्डिंगच्या लेटरहेडवर मात्र "सोसायटी" छापलंय.

दस्त_आणि_दाखले

मग लेटरहेडवर काय छापलंय याला अर्थ नाही. तुमचं अपार्टमेंट आहे आणि वाटणीचा प्रश्न तिथेच सुटतो. कायद्याच्या कलम १० प्रमाणे सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने आकारायचा. तो समान वाटायचा नाही, आणि आज कोणी टेपने फ्लॅट मोजून काढलेल्या क्षेत्रफळानेही नाही. डिक्लरेशनमध्ये नोंदलेली टक्केवारी तेवढी धरायची. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका प्रकरणात हेच सांगितलं आहे: अपार्टमेंट कायद्याखाली मोठ्या फ्लॅटचा हिस्सा मोठा, म्हणून त्याचा देखभाल खर्चही जास्त.

आधी बेरीज तपासा. १६ गुणिले ३.६६ म्हणजे ५८.५६, ८ गुणिले ५.१८ म्हणजे ४१.४४; एकूण बरोबर १००. (अनेक डिक्लरेशनांत ही बेरीज ९७ किंवा १०३ येते आणि तिथून वेगळाच वाद सुरू होतो, तुमच्याकडे तो नाही.) आता १८,५६,००० चे भाग पाडा. दोन बेडरूमला ६७,९३० रुपये, तीन बेडरूमला ९६,१४१. नोटिशीतल्या ७७,३३३ शी ताडून पाहा: छोट्या फ्लॅटकडून ९,४०३ रुपये जास्त मागितलेत आणि मोठ्या फ्लॅटला १८,८०८ रुपये कमी लावलेत. सगळ्या हरकतींत ही सगळ्यात पक्की. तीन ओळींत लिहा, आकडे द्या, कमिटीला पोच घेऊन द्या.

पहिल्या मजल्याचं म्हणणं टिकत नाही. पाया, कॉलम, बीम, मुख्य भिंती, छप्पर, जिने हे कायद्याच्या व्याख्येतच सामाईक आहे. "मी गच्ची वापरत नाही" म्हणून कोणालाही वर्गणीतून सुटता येत नाही, अगदी फ्लॅट बंद ठेवला तरी. उद्या चौथ्या मजल्यावरचा माणूस म्हणेल, पार्किंगचे कॉलम माझ्या पायाखाली नाहीत. अपवाद एकच: डिक्लरेशनमध्ये गच्चीचा एखादा तुकडा ठरावीक फ्लॅटसाठी "मर्यादित सामाईक क्षेत्र" म्हणून नोंदलेला असेल, तर त्या तुकड्यासाठी तिथे काय लिहिलंय ते वाचावं लागेल.

नोटिशीतल्या धमक्यांबद्दल. २१ टक्के ही सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींतली (सरकारने दिलेल्या नमुना नियमांतली) सरळव्याजाची कमाल मर्यादा आहे. तुमच्याकडे डिक्लरेशनसोबत नोंदलेल्या उपविधींत जो दर असेल तोच लागेल. वसुलीचा दाखला सहकार कायद्याच्या कलम १५४-ब-२९ खाली मिळतो आणि तो सहकारी संस्थेला मिळतो. पाणी तोडण्याचा अधिकार तर सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींतही दिलेला नाही.

पण म्हणून पैसे थकवायची चूक कोणी करू नये. कलम १९ प्रमाणे थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा थेट फ्लॅटवर चढतो, आणि तो सरकारी व महापालिकेचे कर आणि पहिलं गहाण सोडून बाकी सगळ्यांच्या आधी येतो. फ्लॅट विकला तर थकबाकीची जबाबदारी विकणारा आणि घेणारा दोघांवरही येते. त्यामुळे आपल्या टक्केवारीने निघणारी रक्कम "हरकत राखून" असं पत्र जोडून चेकने भरा आणि वाद फक्त फरकापुरता ठेवा.

त्रिमूर्ती_३बीएचके

एक शंका. जिना, लिफ्ट, वॉचमन सगळ्यांना सारखंच. मोठा फ्लॅट म्हणून प्रत्येक गोष्टीत जास्त का? आणि सर्वसाधारण सभेने बहुमताने "समान" असा ठराव केला तर तो चालणार नाही का?

दस्त_आणि_दाखले

शंका रास्त आहे, म्हणूनच सहकारी संस्थेत वाटणी वेगवेगळी ठेवली आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क (वॉचमन, सफाई, ऑफिस खर्च) सर्व फ्लॅटना समान. लिफ्ट त्या इमारतीतल्या सर्वांना समान, वापरा वा न वापरा. पाणी नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती निधी मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान ०.२५ टक्के. म्हणजे सहकारी संस्थेतही दुरुस्तीत मोठा फ्लॅट जास्त भरतो. उपविधींचे क्रमांक जुन्या आणि नव्या प्रतींत मागेपुढे झाले आहेत, तेव्हा क्रमांक पाठ करण्यापेक्षा आपल्या नोंदलेल्या प्रतीतला मजकूर वाचा.

अपार्टमेंटमध्ये असे कप्पे नाहीत. आणि बहुमताचं म्हणाल तर कलम ६ मध्ये स्पष्ट आहे: अविभक्त हिश्श्याची टक्केवारी सर्व अपार्टमेंटमालकांच्या संमतीशिवाय आणि सुधारित डिक्लरेशन नोंदवल्याशिवाय बदलत नाही. २४ पैकी २३ जणांनी हात वर केले तरी पुरत नाही.

कोबा_ते_कोटिंग

वाटणीचं झालं. आता पाणी येतंय कुठून ते पाहू, कारण ओलीचं मूळ न शोधता ६,९०,००० गच्चीवर ओतले आणि ३०३ ची ओल तशीच राहिली, तर पुढच्या वर्षी कोणी एक रुपया देणार नाही.

३०३ आणि ४०३ पासून सुरुवात. ३०३ च्या डोक्यावर गच्ची नाही, ४०३ आहे. गच्चीचं पाणी तिथे पोचायचं तर डक्टमधून (पाईपांच्या उभ्या पोकळीतून), बाहेरच्या भिंतीतून किंवा ४०३ ची भिंत धरून उतरावं लागेल, आणि तेव्हा ४०३ च्या त्या भिंतीवर वरपासून डाग दिसेल. शिवाय ओल बारमाही आहे. एप्रिल-मे मध्ये पाऊस नसतानाही ती हटत नसेल तर संशय नळ आणि ड्रेनेजवरच जातो. पण संशयावर बिल फाडता येत नाही, चाचणी करा.

ओलीची कड खडूने किंवा पेन्सिलने आखून बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. मग ४०३ चं ते बाथरूम तीन दिवस पूर्ण बंद ठेवा, पण नळाचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. कड सुकत मागे सरली तर वापराचं पाणी, म्हणजे ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड), फरशीचे सांधे किंवा ड्रेनेज. सरली नाही तर दाबाखालची पाईप. २००२ च्या बांधकामात भिंतीत बहुतेक जीआय पाईप असतो, कालांतराने तो आतून सडतो. त्यासाठी प्लंबरकडचा हातपंप लावून लाइनला दाब द्या, सगळे नळ बंद, अर्धा तास काटा पडतो का पाहा.

वापराचं पाणी ठरलं तर रंगाची चाचणी. नहाणी ट्रॅपच्या तोंडात रबरी चेंडू किंवा कापडाचा बोळा घालून वरून पीओपीने बंद करा, दीड-दोन इंच पाणी भरा, त्यात लाल रंग. ४८ तास ठेवा. खाली लाल उतरलं तर फरशीचा सांधा किंवा ट्रॅपभोवतीची फट. नाही उतरलं तर बोळा काढून तेच लाल पाणी एकदम सोडा. आता उतरलं तर ट्रॅपच्या खालची जोडणी. कमोडमध्ये वेगळा रंग, हिरवा टाका, म्हणजे घोळ होत नाही. दोन्ही फ्लॅटचे मालक आणि कमिटीचा एक सदस्य यांच्या सह्यांचा पंचनामा लगेच लिहा.

निकाल असा लावतात: फरशी, ट्रॅप, फ्लॅटच्या आतली जोडणी सदोष निघाली तर खर्च ४०३ चा, ३०३ च्या सिलिंगसकट. डक्टमधला उभा सामाईक पाईप किंवा त्यावरचा टी-जोड फुटका निघाला तर खर्च सगळ्यांचा.

४०३ च्या हॉलचं सिलिंग वेगळं. ते छपराच्या स्लॅबचं खालचं अंग आहे. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्चीच्या गळतीमुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं सिलिंग आणि त्याचं प्लास्टर संस्थेने दुरुस्त करावं असं लिहिलेलं आहे. तुमच्या उपविधींत हे वाक्य नसलं तरी स्लॅब सामाईकच आहे. उघड्या सळयांवर पीओपी मारून झाकण्याची घाई ४०३ ने करू नये. सळई गंजली की तिचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलतो. वरून कितीही थर द्या, पडणारच. सजावटीचं पीओपी आणि आतला रंग मात्र त्यांनी स्वतः करावा.

आता गच्ची. नागपूरच्या उन्हात गच्चीचं मुख्य दुखणं पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्यात असतं. ४५ अंशांत स्लॅब तापून पसरतो, रात्री आकसतो, सांधा उघडतो, आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की पाणी तिथूनच शिरतं. मधला कोबा पुष्कळदा धड असतो. म्हणून गच्चीभर फिरून हातोडीच्या दांड्याने ठोका, जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने चौकट आखा, आणि पावसात जिथे पाणी साचतं तिथे वेगळी खूण करा.

तुमचे पाईप कमी आहेत. ६,४०० चौफूट म्हणजे ५९५ चौमीटर. ताशी १०० मिमीच्या सरीचा हिशेब धरला तर चार इंची एका पाईपला जेमतेम ४० चौमीटर झेपतात. तुमच्याकडे एकेका पाईपवर जवळजवळ १०० चौमीटर आहेत. कोटिंग कितीही भारी मारा, तास-दोन तास तळं साचलं तर पाणी कुठे ना कुठे वाट काढणारच. पॅरापेटमधून जादा नळे काढणं किंवा इंजिनिअरला विचारून बीम टाळून नवे पाईप देणं हे कामात आधी येऊ द्या. उतार किमान शंभराला एक.

जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू देऊ नका. चार इंची कोब्याचं वजन चौमीटरला १८० ते २०० किलो. पूर्ण गच्चीवर हे शंभर टनांच्या पुढे जातं, आणि खाली कॉलम आधीच दुरुस्तीला आलेत. एक तर जुना काढून नवा, किंवा जुना धड असेल तर फुटके भाग दुरुस्त करून, पॅरापेटच्या कडेला दोन-तीन इंची गोलाई देऊन वर जाळीसह लवचिक कोटिंग. यातलं काय, ते ठोकून केलेल्या नकाशावर ठरतं. "लमसम"वर नाही ठरत.

शेवटी पाणी भरून चाचणी, किमान दोन इंच, ४८ तास. सगळी गच्ची एकदम भरायला जवळपास ३०,००० लिटर लागतील, म्हणजे मे महिन्यात पाच हजारांचे सहा टँकर. त्यापेक्षा विटा आणि गाऱ्याचे बांध घालून चार भाग करा. एका भागाला साडेसात हजार लिटर पुरतात. तो तपासून झाला की पंपाने तेच पाणी पुढच्या भागात. तीन आठवड्यांचा वेळ हाताशी ठेवा. पाऊस जूनच्या मध्याला येतो, म्हणजे काम फेब्रुवारीत सुरू आणि चाचणी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण.

मोजमाप_वही

वरचं सगळं खरं असलं तरी "लमसम" शब्द राहिला तर भांडण बिलाच्या वेळी होणारच. सर्वसाधारण सभेने रक्कम मंजूर करण्याआधी मोजमाप मंजूर करावं.

इमारत वीस वर्षांच्या पुढे आहे आणि कॉलम दुरुस्तीला आले आहेत, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ठेकेदाराने "फुकट" आणलेला नको, तुम्ही फी देऊन नेमलेला. (सहकारी संस्थांसाठी आदर्श उपविधी १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि पुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगतात, ३० वर्षांनंतर महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५-अ सगळ्याच इमारतींना लागतं.) चाचण्या कोणत्या ते नेमणूकपत्रात लिहा: अल्ट्रासोनिक (काँक्रीट आतून एकसंध आहे का), कव्हर मीटर (सळईवर काँक्रीट किती), हाफ-सेल (सळई गंजत असण्याची शक्यता) आणि कार्बोनेशन (हवेमुळे काँक्रीटचं सळईला असलेलं संरक्षण किती संपलंय). नुसत्या रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर आपटून ताकद मोजणाऱ्या हातोडीवर) दिलेला अहवाल घेऊ नका. जुन्या काँक्रीटची वरची साल कार्बोनेशनने कडक झालेली असते आणि हॅमर आतल्या ताकदीपेक्षा जास्त आकडा दाखवतो. कार्बोनेशनची चाचणी तुम्हालाही डोळ्यांनी दिसते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फ्थॅलिन शिंपडायचं. गुलाबी झालं तर आत अजून क्षारता (अल्कली) टिकून आहे, सळई सुरक्षित. रंग चढलाच नाही तर तिथपर्यंतचं संरक्षण संपलंय.

कॉलमचं काम कोटेशनमध्ये असं मोडून मागा: जॅक आणि टेकू किती, किती दिवस, पोकळ काँक्रीट फोडणं चौफुटात, सळई घासून गंजरोधक दोन हात, सळईची जाडी फार घटली असेल तिथे जादा सळई किलोत, पॉलिमर मॉर्टार चौफुटात आणि जाडीसह, दोन इंचांच्या पुढची झीज असेल तिथे मायक्रोकाँक्रीट लिटरमध्ये. जाडी न लिहिता "पॉलिमर ट्रीटमेंट" लिहिलं की अर्ध्या इंचाचं काम करून दीड इंचाचं बिल येतं. शेजारचे दोन कॉलम एकदम उघडू देऊ नका. बाँडिंग कोट चिकट असतानाच मॉर्टार बसला पाहिजे. नागपुरात एप्रिलमध्ये दुपारी तो मिनिटांत सुकतो, मग मॉर्टार खपलीसारखा सुटतो. म्हणून हे काम सकाळी, आणि नंतर सात दिवस ओलं गोणपाट.

बाहेरच्या प्लास्टरचं तसंच. पोकळ भाग ठोकून, फोटोवर आखून, तेवढाच काढायचा. बीम आणि विटेच्या सांध्यातली भेग नुसती लांबीने (पुट्टीने) बुजवली तर पुढच्या उन्हाळ्यात उघडते. खाच पाडून लवचिक फिलर आणि त्यावर सहा इंची जाळीची पट्टी लागते. नव्या प्लास्टरवर रंग किमान २८ दिवसांनी. खिडक्यांची वजावट कशी धरायची ते करारात आधी लिहा, नाहीतर ठेकेदार भिंत सबंध मोजतो.

आता पैसे. "जीएसटी वेगळा" म्हणजे ठेकेदार नोंदणीकृत असेल तर १८ टक्के, ३,३४,०८० रुपये वर. एकूण २१,९०,०८०. हा आकडा नोटिशीत नव्हता, म्हणजे दुसरी मागणी येणारच होती. दुसरीकडे तुमची स्वतःची वसुली: एका सदस्याची महिन्याची वर्गणी ७,५०० च्या वर गेली आणि बिल्डिंगची वार्षिक जमा २० लाखांच्या वर गेली, तर अपार्टमेंटवर जीएसटी येऊ शकतो. दोन्ही अटी एकत्र लागतात. हप्ते दोन आर्थिक वर्षांत पाडायचे का, ते सीएला आत्ताच विचारा, वसुलीनंतर विचारून उपयोग नाही.

ठेकेदाराला आगाऊ रक्कम १० टक्क्यांवर नको. पुढची बिलं इंजिनिअरने मोजमाप वहीत सही केल्यावरच. प्रत्येक बिलातून १० टक्के राखून ठेवा. त्यातली अर्धी रक्कम काम संपल्यावर द्या, उरलेली एक अख्खा पावसाळा कोरडा गेल्यावर. गच्चीची हमी करारातच मुद्रांकावर, ठेकेदाराची वेगळी आणि माल बनवणाऱ्या कंपनीची वेगळी. कंपनीच्या हमीत फक्त माल बदलून मिळतो, मजुरी नाही, ते वाचून घ्या. रिकाम्या पिशव्या आणि डबे मोजून ठेवायला एकाला नेमा. किती किलो कोटिंग लागायला हवं होतं आणि किती डबे उघडले, याचा ताळा घेतला की पातळ केलेलं काम लगेच पकडता येतं.

मनीषनगर_२४फ्लॅट

फार मोलाची माहिती. कमिटीच्या सचिवांशी बोलणं झालं, ते नोटीस मागे घ्यायला तयार आहेत. विषयपत्रिका अशी लिहिली आहे, पाहून सांगा:

१. स्ट्रक्चरल इंजिनिअरची नेमणूक आणि फी.
२. इंजिनिअरच्या मोजमापावर किमान तीन सीलबंद निविदा मागवणे.
३. खर्चाची वाटणी डिक्लरेशनमधील टक्केवारीप्रमाणे; हप्ते ठरवणे.
४. आवश्यकतेनुसार इतर कामे करण्याचा अधिकार कमिटीस देणे.
५. ३०३ व ४०३ येथील गळतीची चाचणी.

दस्त_आणि_दाखले

१ ते ३ ठीक. ३ मध्ये दोन्ही टक्केवारी आकड्यांत लिहा आणि जुनी ७७,३३३ ची मागणी रद्द, असं वाक्य घाला. नुसतं "मागे घेतली" तोंडी राहतं. सूचना किती दिवस आधी द्यायची ते तुमच्या उपविधींत पाहा आणि प्रत्येकाची पोच घ्या, भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या मालकांना पोस्टाने.

मोजमाप_वही

विषय ४ असाच राहिला तर सगळी मेहनत वाया. "इतर कामे" या दोन शब्दांत काहीही बसतं. त्याऐवजी लिहा: मंजूर निविदेतील बाबींचे प्रमाण वाढल्यास, इंजिनिअरच्या लेखी शिफारशीने, मंजूर रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत कमिटी मान्यता देऊ शकेल, त्यापुढील खर्चास किंवा नव्या बाबीस पुन्हा सभा. कॉलम उघडल्यावर झीज जास्त निघणं नेहमीचं आहे, त्यासाठी १० टक्के लागतात. कंपाउंडचा रंग आणि नवं गेट त्यात घुसता कामा नये.

कोबा_ते_कोटिंग

आणि विषय ५ काढून टाका. चाचणीला ठराव लागत नाही, ३०३ आणि ४०३ ची लेखी संमती पुरे. आधी ते तीन दिवस बाथरूम बंद ठेवायचं उरका, मग शनिवारी सकाळी पाणी भरून सोमवारी सकाळी पाहा. सभेत पंचनामा हातात असू द्या, म्हणजे इंजिनिअरच्या मोजमापात ते बाथरूम घ्यायचं की नाही हे त्याच बैठकीत ठरेल.